कमीच करायचा, तर आधी वाढवता कशाला?

अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारं सर्किट, आणि त्याच्यासोबत सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर शिकवताना हा प्रश्न ठरलेला : "सर, आवाज कमीच करायचा, तर आधी वाढवायचा कशाला?" पूर्वी मी हसून विषय बदलायचो. पण कॉलेजात असताना याच गोष्टीनं मला दोन दिवस छळलं होतं.

९ व्होल्टची बॅटरी, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. त्याचे तीन पाय : बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसला वरून, बॅटरीच्या प्लसकडून, ४७ के (किलोओहम)चा रेझिस्टन्स, खाली मायनसकडे १० के, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १ के. आजही हीच जोडणी शिकवतो, कारण हिशेब तोंडी होतो. बेसवर दीड व्होल्टच्या आसपास मिळतात. त्यातले ०.६५ बेस-एमिटरमध्ये जातात, एमिटरवर ०.९ उरतात. म्हणजे प्रवाह ०.९ मिलिअँपिअर. तोच ४.७ केमधून जाताना सव्वाचार व्होल्ट खातो आणि कलेक्टर जवळजवळ मध्यावर बसतो. सिग्नलला वर-खाली हलायला जागा मिळते, एवढ्यासाठीच हा खटाटोप. ट्रान्झिस्टर स्वतः काही निर्माण करत नाही. शेतात दारं धरणारा खोऱ्यानं चार ढेकळं हलवतो आणि पाटाचं पाणी वळतं. पाणी मात्र विहिरीचं. इथं विहीर म्हणजे बॅटरी.

एमिटरच्या १ केला समांतर मोठा कपॅसिटर लावला की सिग्नलला त्या १ केला वळसा घालून सोपी वाट मिळते आणि वाढ दीडशे पटीच्या वर जाते. मी लावला, आणि टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून सिग्नल दिला. गाणं पार फाटलेलं! मला वाटलं वाढ कमी पडतेय, म्हणून पुढे दुसरा ट्रान्झिस्टर जोडला. मग तर शब्दही कळेनात.

ओळखीच्या रिपेअरवाल्या काकांनी एकच विचारलं, "सिग्नल किती देतोयस?" जवळपास १ व्होल्ट. म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीतून मी दीडशे व्होल्ट काढायला निघालो होतो! लाटेचे माथे आणि तळ दोन्ही छाटले जात होते. काकांनी माझा दुसरा ट्रान्झिस्टर काढला, इनपुटच्या वाटेत १०० केचा रेझिस्टन्स घातला आणि तिथून ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, १ के. गाणं स्वच्छ. हाच अटेन्युएटर : शंभरावा हिस्सा, म्हणजे ४० डेसिबल घट. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण पुढचा बेसही त्यातून आपला वाटा ओढतो.

माइक जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो, त्याला ती सगळी वाढ लागते. टेपला लागत नाही. वाढ कायम ठेवायची आणि येणारा सिग्नल बेतात आणायचा, हे सोपं पडतं. तुमचं व्हॉल्यूमचं बटणही बहुतेक वेळा हेच करतं. 'फुल' म्हणजे ते काहीच कापत नाही, एवढंच.

पण पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता रेझिस्टन्स, घेताना 'लॉग' प्रकारचाच मागा, त्यात आवाज कानाला हळूहळू वाढतो. 'लिनिअर', म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा, बसवलात तर पाव फेरीतच शेजारी दार वाजवतील.