चैत्रातली ऊब

पाडवा होऊन पाच दिवस झालेत. सकाळी दहालाच पत्र्याला हात लावायची सोय उरत नाही, आणि नेमकं अशा वेळी आत्तीच्या वस्तीवर जे काही चाललेलं असतं ते सगळं उबेचं. ओसरीच्या कोपऱ्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर फुगून बसलीय, अंगणात काळ्या लोकरीचा ढीग पडलाय, चुलीवर चिंचोक्याची खळ रटरटतेय. हेच थंडीत केलं असतं तर निदान हात तरी शेकले असते. पण कुरडया जशा उन्हाळ्यात घालायच्या आणि पावसाळ्यात तळायच्या, तसंच हे असावं.

माण तालुक्यातला वसंत कवितेत बसणारा नाही. कोकीळ आहे, पण त्याला बसायला आंबा कुठला? बापडा बाभळीवरून ओरडतो. कडुलिंब तेवढा मनापासून फुलतो. दुपारच्या झळांत त्याचा कडवट-गोड वास तरंगत येतो आणि तोंडात पाडव्याची चटणी आठवते. बाभळीच्या शेंगा पडायला लागल्या की मेंढरांचा वसंत सुरू. झाडाखालून त्यांना हलवायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून पाहुण्याला उठवण्यासारखं.

मोठा कळप दिवाळीनंतर आतेभावाबरोबर घाटाखाली गेलाय, तो मृगाच्या आसपास परतेल. घरी उरलीत आठ मेंढरं. दोन म्हाताऱ्या, एक लंगडी, बाकीच्या ओल्या बाळंतिणी. त्यांच्या दिमतीला आत्ती, आणि सुट्टीत पुण्याहून आलेली मी. कामाच्या हिशेबात माझा नंबर लंगडीच्याही खाली लागतो.

कोंबडी होळीला बसवली होती. तेरा अंडी, टोपलीत भुस्सा, आणि वळवाच्या गडगडाटानं अंडी वाया जाऊ नयेत म्हणून कडेला एक गंजका खिळा. एकवीस दिवसांचा हिशेब आत्ती कॅलेंडरवर करत नाही. होळीपासून पाडवा, पाडव्यापासून पाच दिवस, झालं. या तीन आठवड्यांत कोंबडी दिवसातून एकदाच उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि कुणीतरी जागा बळकावेल अशा घाईनं परत येते. मी तिला जरा उचलून पाहिलं तर पोटावर पिसंच नव्हती, लालसर उघडी कातडी. मला वाटलं, काही रोग झाला. आत्ती म्हणाली, "आगं, पिसाआडनं ऊब कशी जायची अंड्याला?" ही तिची कातडी थेट कवचाला टेकते, आणि सगळ्यांना सारखी धग मिळावी म्हणून ती चोचीनं अंडी फिरवत राहते. मी हात पुढे केला त्याची पावती मनगटावर आहे.

काल रात्री टोपलीतून आवाज आला. पिलू अजून अंड्यातच, पण बोलत होतं. बारीक, तक्रारीच्या सुरात. आणि कोंबडी घशातल्या घशात उत्तर देत होती. तेरा पावलांवर मी मोबाइलला रेंज शोधत उभी, आणि इथं कवचातून संभाषण चाललेलं. सकाळपर्यंत सात बाहेर आली होती, चोचीच्या टोकावर कवच फोडायचा तो इवलासा पांढरा दाणा अजून तसाच. मी कौतुकानं कण्या घेऊन गेले तर आत्तीनं परत पाठवलं. "आज नगं. शिदोरी घिऊन आल्यात ती." खरंच आहे ते. बाहेर पडायच्या आधी उरलेला बलक पिलू पोटात ओढून घेतं, त्यावर त्याचे दोनएक दिवस निघतात.

लोकरीची गोष्ट मात्र माझ्या अब्रूची आहे.

मेंढरं कातरली परवा. पाय बांधून आडवी केलेली मेंढी सुरुवातीला जगबुडी आल्यासारखी ओरडते, मग कातर चालायला लागली की डोळे मिटून गप्प पडते, न्हाव्याच्या खुर्चीतल्या माणसासारखी. सुटली की अंग झाडते आणि निम्मी होते. तिचं पोरही तिला दोन मिनिटं ओळखत नाही, वास घेतल्यावर पटतं. दख्खनी मेंढी ही. एका वेळी अर्धा किलोही लोकर निघत नाही. दोन-अडीच किलोची एक घोंगडी म्हणजे सहा-सात मेंढ्यांची पाठ. त्यातही कोकराची पहिली कातरण वेगळी ठेवायची. तिला जावळच म्हणतात, माणसाच्या लेकरासारखं. मऊ असते, टोचत नाही, म्हणून तिचा मान मोठा.

तर त्या जावळातलं थोडं मी मागून घेतलं. पुण्यात विणकामाच्या शिबिरात जाऊन आलेली मी, मनात आलं की छान धुऊन, चातीवर सूत काढून, आत्तीला टोपी करून द्यावी. चुलीवरचं कढत पाणी घेतलं, साबण घातला आणि मळके कपडे चोळावेत तशी चोळून चोळून धुतली. लोकरीच्या तंतूवर माशासारखी बारीक खवलं असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की ती एकमेकांत अशी अडकतात की ब्रह्मदेवाला सुटायची नाहीत. माझ्या हातात आला एक घट्ट, भाकरीएवढा गठ्ठा. आत्तीनं तो उलटसुलट करून पाहिला. "जेन केलीस व्हय?" अंथरायची जेन अशीच करतात, पाणी मारून, दाबून, तुडवून. फरक इतकाच की ती मुद्दाम करतात.

उरलेली लोकर निगुतीनं पिंजून घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या घरी जाईल, बरोबर ती खळही. चैत्रात वर्षाची चिंच फोडायची आणि निघालेले चिंचोके त्याच्यासाठी ठेवायचे, हा जुना रिवाज. चिंचोके भिजवून वाटून शिजवलेली खळ कुंच्यानं ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. गावात पूर्वी खड्ड्यातले माग बरेच होते. आता एकच चालतो, आणि त्यावर बसणाऱ्या काकांची मुलं पुण्याच्या बाजूला कारखान्यात आहेत. लोकरीला दामही उरला नाही. कातरणाऱ्याची मजुरी भागली तरी नशीब. आतेभाव आता कळपात माडग्याळ मेंढा फिरवतो. त्या जातीच्या अंगावर लोकर नावाला, पण बाजारात वजन भरतं. त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही, मी स्वतः पॉलिस्टरची रजई घेते. आत्ती त्याला काही बोलत नाही. काळ्या मेंढ्या मात्र विकू देत नाही.

बाळंतिणींतली एक फलटणच्या वाणाची, नारी सुवर्णा. तिला जुळं झालंय. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या बुटक्या गारोल मेंढीचा जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनीत आणला, त्याचं हे फळ. हाच गुण ऑस्ट्रेलियातल्या एका प्रसिद्ध मेरिनो वाणात आहे, आणि १७९०च्या दशकात कलकत्त्याहून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे पोचला असं मानतात. म्हणजे माझ्या मांडीवर बाटलीनं दूध पिणाऱ्या या धाकट्याचे दूरचे नातलग सिडनीच्या बाजूला असणार! आत्तीला हे सांगितलं. तिची काळजी वेगळी होती. थोरला आचळ सोडत नाही, धाकटा काटकुळा राहिलाय.

संध्याकाळी वळीव आला. आधी धूळ, मग पत्र्यावर गारांचा ताशा, आणि दिवसभर तापलेल्या वस्तीवर अर्ध्या तासात अंगावर काटा आला. कोंबडीनं पंख पसरून अकराच्या अकरा पिलं पोटाखाली घेतली. बाहेर फक्त एकाची चोच दिसत होती. दोन अंडी उबलीच नाहीत, तीही तिच्याखालीच. धाकटं कोकरू भिजून थरथरत होतं. आत्तीनं त्याला पोत्यानं पुसलं, पाटीत ठेवलं आणि खाली अंथरायला इकडंतिकडं बघून माझी जेन उचलली. बरोब्बर मापाची निघाली.

मग स्वतः घोंगडीची खोळ डोक्यावरून ओढून मेंढरांभोवतीच्या वाघरीची जाळी नीट करायला गेली. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. पण त्याच्याही पुढे भिजली की काय होतं ते भाषेला ठाऊक आहे. भिजत घोंगडं आठवडाभर वाळत नाही. आत्ती मात्र वेळेत परतली. घोंगडी दोनदा झटकली आणि ओसरीवर कुडकुडत बसलेल्या माझ्या अंगावर टाकली. मेंढरांचा, धुराचा, पावसाचा वास. मानेला टोचत होती.

"टोचती न्हवं?" आत्तीनं विचारलं.

मी नाही म्हणाले आणि आणखी ओढून घेतली.