‘ट्रू’ लिहिलं होतं, तरी नाव तपासलं जात नव्हतं

२०१६ चा जुलै. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या ऑफिसातून खानापूरकडच्या एका पतसंस्थेचं पिग्मीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. भाजीवाल्या बायका, पानपट्टीवाले रोज पन्नास-शंभर रुपये एजंटाच्या हाती देतात. संध्याकाळी ती नोंद आमच्या पीएचपी प्रोग्राममधून बँकेच्या सर्व्हरला जायची.

नव्यानं लागलेल्या मुलीनं विचारलं, "दादा, बँकेच्या जागी दुसऱ्याच कोणी उत्तर दिलं तर आपल्याला कळतंय काय?"

"कळणारच," मी म्हणालो. कोडात व्हेरिफायहोस्ट, म्हणजे समोरच्या सर्व्हरचं नाव तपासायच्या पर्यायासमोर ‘ट्रू’ (हो) लिहिलेलं होतं, मीच लिहिलेलं. तरी करून बघू म्हटलं. चाचणीच्या सर्व्हरवर आमचीच एक सीए, म्हणजे सर्व्हरना ओळखीची डिजिटल प्रमाणपत्रं देणारी संस्था, विश्वासू यादीत घातली, तिच्याकडून भलत्याच नावाचं, नावाचा फक्त ‘कॉमन नेम’ हा रकाना असलेलं प्रमाणपत्र बनवलं आणि बँकेचा पत्ता आमच्या लॅपटॉपकडे वळवला. पिग्मीची नोंद सुखरूप लॅपटॉपवर येऊन पडली. एकही चूक दाखवली नाही. माझे हात गार पडले.

कारण सापडलं लिबकर्लच्या, म्हणजे पीएचपी ज्याच्यामार्फत दुसऱ्या सर्व्हरशी बोलतं त्या सॉफ्टवेअरच्या, माहितीपानात. त्या पर्यायाला हो-नाही नव्हे, ०, १, २ अशा तीन किमती होत्या. पीएचपीत ट्रू म्हणजे १, आणि १ चा अर्थ तेव्हा प्रमाणपत्रात नाव आहे एवढंच बघायचं, ते कुणाचं हे नाही, असा होता. म्हणजे रेशनकार्ड खरं आहे का हे पाहिलं, पण समोरचा माणूस तोच का, हे विचारलंच नाही. नाव जुळवायला २ लिहावे लागायचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ७.२८.१ या आवृत्तीपासून लिबकर्ल १ ला नकार देऊ लागलं. आमच्या सर्व्हरवरच्या उबुंटू १२.०४ या सिस्टिमवर मात्र लिबकर्ल ७.२२ च होतं. माहितीपानात लिहिलेलं मी वाचलं नव्हतं, ही माझी चूक. पण सुरक्षेची किंमत ‘ट्रू’सारखी दिसावी आणि तपासणी अर्धीच व्हावी, ही रचनाही धोक्याचीच, असं मला आजही वाटतं.

‘ट्रू’च्या जागी २ लिहिलं. लॅपटॉपला लगेच नकार मिळाला, नाव जुळत नाही म्हणून. मग पतसंस्थेच्या मॅनेजरना फोन केला.

"पिग्मीवाल्यांचे पैसे गेलेत काय हो?" त्यांचा पहिला प्रश्न.

रात्री अकरापर्यंत एजंटांच्या डायऱ्या आणि बँकेचं स्टेटमेंट ओळीओळीनं जुळवलं. पैसा न् पैसा जुळला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर पावसातून खानापूरच्या बसनं आले, ओली छत्री दाराशी ठेवली आणि म्हणाले, "तो आकडा दाखवा बघू." मी दाखवला. त्यांनी स्क्रीनवरच्या त्या २ वर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.