मी संमती दिली तरी केव्हा?

माझ्या भाचीने पदव्युत्तर अभ्यासासाठी राज्यशास्त्र घेतले आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात मिळालेली वाचनाची यादी मला पाठवली. प्लेटोपासून मार्क्सपर्यंतच्या त्या यादीत एकही नाव गैरलागू नव्हते, तरीही ती पाहून मला धास्तीच वाटली, कारण अशाच एका यादीने मला एके काळी या विषयापासून कित्येक वर्षे दूर ठेवले होते. आमच्या वेळी परीक्षेसाठी जे गाईड सगळे वापरत, त्यात राज्य माणसांच्या करारातून उभे राहते असे मांडणाऱ्या हॉब्ज, लॉक आणि रूसो यांचा एक तक्ता असे: निसर्गावस्था (म्हणजे राज्य नसतानाची माणसांची स्थिती) कशी होती, करार कोणाकोणात झाला, सार्वभौम कोण. तो तक्ता मला आजही तोंडपाठ आहे. मात्र या तिघांपैकी प्रत्येक जण कोणाशी तरी कडाक्याचे भांडण करत होता, हे तो पाठ करताना मला एकदाही जाणवले नाही.

म्हणून भाचीला मी सांगितले की यादी वरून खाली वाचत जाऊ नकोस, एखादा प्रश्न हाताशी धर आणि त्याचा माग काढत जा. माझा स्वतःचा प्रश्न साधा होता. राज्याचे कायदे मला पाळावे लागतात आणि राज्य जनतेच्या संमतीने चालते असेही मला सांगितले जाते. तर मग माझी संमती मी दिली तरी केव्हा?

हा प्रश्न प्लेटोच्या ‘रिपब्लिक’पेक्षा ‘क्रिटो’ या अगदी छोट्या संवादात अधिक उघडपणे भेटतो. साल इ.स.पू. 399. देहान्ताची शिक्षा झालेला सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस तुरुंगात आहे. डेलॉस बेटावर गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत अथेन्समध्ये कोणालाही मृत्युदंड द्यायचा नाही, अशी रीत असल्यामुळे त्याला थोडे दिवस मिळालेले आहेत. त्याचा जुना मित्र क्रिटो भल्या पहाटे येतो आणि पळून जाण्याची सारी तजवीज झाल्याचे सांगतो. सॉक्रेटिस नकार देतो आणि अथेन्सच्या कायद्यांनाच बोलते करतो. वयात आल्यावर आपले सामानसुमान घेऊन हवे तिथे जाण्याची मुभा आम्ही प्रत्येकाला देतो, असे कायदे म्हणतात. तू सत्तर वर्षे इथेच राहिलास, लष्करी मोहिमा सोडल्या तर शहराबाहेर जवळपास गेलाच नाहीस, इथेच मुलेबाळे वाढवलीस, म्हणजे आमच्याशी तू करार केलास, बोलून नव्हे, तर वागून. गंमत अशी, की याच सॉक्रेटिसने प्लेटोच्याच ‘अपॉलॉजी’मध्ये, म्हणजे खटल्यातल्या आपल्या बचावाच्या भाषणात, न्यायालयाला ठणकावले आहे की तत्त्वचर्चा सोडण्याच्या अटीवर तुम्ही मला मोकळे केलेत, तरी मी तुमच्यापेक्षा देवाचेच ऐकेन. ही दोन छोटी पुस्तके पाठोपाठ वाचावीत. त्यांचा मेळ कसा घालायचा यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटलेला नाही हेच मला बरे वाटते.

अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मधून माझ्या प्रश्नासाठी फारसे हाती लागले नाही. नागरिक म्हणजे कोण, याची इतकी काटेकोर चर्चा करणारा हा माणूस स्वतः अथेन्समध्ये परका रहिवासी होता आणि त्याला तिथे नागरिकत्वाचे हक्क नव्हते, एवढे लक्षात ठेवून त्यातले तिसरे पुस्तक, म्हणजे तिसरा भाग, वाचावे. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनच्या ‘सिटी ऑफ गॉड’ची 22 पुस्तके सलग वाचण्याचा आग्रह मी कोणालाच करणार नाही, पण चौथ्या पुस्तकातील ती गोष्ट मात्र चुकवू नये: पकडलेला समुद्री चाचा अलेक्झांडरला सांगतो की मी हे लहान जहाजाने करतो म्हणून मला दरोडेखोर म्हणतात, तू मोठ्या आरमाराने करतोस म्हणून तुला सम्राट म्हणतात.

मॅकियाव्हेलीकडे आल्यावर माझा प्रश्न मला बाजूला ठेवावा लागला, कारण ‘द प्रिन्स’ हा ग्रंथ प्रजेच्या बाजूने विचारच करत नाही. तरीही तो यादीतून काढायला मी तयार नाही. चौदा वर्षे फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची चाकरी केलेला हा अधिकारी 1512 मध्ये मेदिची हे जुने सत्ताधारी घराणे परत आल्यावर पदच्युत झाला. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकून दोराला टांगून त्याचे हाल करण्यात आले. सुटल्यावर गावाकडच्या घरातून त्याने 10 डिसेंबर 1513 रोजी आपला मित्र व्हेत्तोरी याला एक पत्र लिहिले. दिवसभर गावकऱ्यांशी पत्ते कुटायचे, भांडायचे, आणि संध्याकाळी चिखलाने भरलेले कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा, मग प्राचीन लेखकांच्या सहवासात चार तास घालवायचे, असा आपला दिनक्रम त्याने त्यात सांगितला आहे. पुस्तकाआधी हे पत्र वाचावे. ‘कुटिल’ हे विशेषण आपल्याकडे या नावाला इतके चिकटले आहे, की नोकरी गेलेला एक माणूस पुन्हा काम मिळावे म्हणून हे लिहितो आहे, ही गोष्टच नजरेआड होते.

संमतीचा प्रश्न सर्वांत निर्दयपणे हाताळला तो हॉब्जने. 1651 मध्ये ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध झाले तेव्हा इंग्लंडमध्ये यादवी युद्ध होऊन गेले होते, राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि नव्या राजवटीशी निष्ठेची प्रतिज्ञा घ्यावी की नाही, या पेचात असंख्य माणसे सापडली होती. तेराव्या प्रकरणातील निसर्गावस्थेचे वर्णन सगळेच उद्धृत करतात. मला मात्र चौदावे प्रकरण अधिक महत्त्वाचे वाटते. जिवाच्या भीतीने केलेला करारसुद्धा बंधनकारक असतो, असे हॉब्ज तिथे म्हणतो, आणि उदाहरण देतो ते जीव वाचवण्यासाठी दरोडेखोराला खंडणी कबूल करणाऱ्या माणसाचे. ऑगस्टिनच्या चाचाचे म्हणणे ज्याला टाळता आलेले नाही असा हॉब्ज हा माणूस आहे. तो फक्त पुढे म्हणतो की चाचाशी केलेला करारही, त्याच्याहून वरची सत्ता तो रद्द करीत नाही तोवर, पाळावा लागेल. ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग धर्म आणि चर्च यांवर आहे. आमच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

लॉकच्या ‘टू ट्रीटिझेस’मधला फक्त दुसरा निबंध वाचायचा, असा सर्वत्र प्रघात आहे, आणि पहिला निबंध वाचून कंटाळा येतो हे मी नाकारत नाही. तरी त्यातली निदान काही प्रकरणे वाचावीत, कारण भांडण तिथे आहे. रॉबर्ट फिल्मर नावाच्या राजनिष्ठ जमीनदाराने असे प्रतिपादले होते की राजाची सत्ता ही पित्याची सत्ता असून ती आदमपासून वारशाने चालत आली आहे. हे मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1680 मध्ये छापला गेला. लॉक त्याच्यावर तुटून पडतो. आदमचा आजचा वारस कोण, हे कोणी ठरवायचे? आणि बायबलची आज्ञा आई आणि वडील दोघांचाही मान राखायला सांगत असताना, फिल्मर ती उद्धृत करताना आईला का वगळतो? हे लिहिणे जिवावरचे होते. फिल्मरचेच खंडन करणाऱ्या अल्जर्नन सिडनीला 1683 मध्ये देहदंड झाला, तेव्हा त्याचे अप्रकाशित हस्तलिखितच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले होते. लॉकने आपला ग्रंथ 1689 मध्ये नाव न घालता छापला आणि तो आपला असल्याचे अखेर मृत्युपत्राच्या पुरवणीत मान्य केले.

एवढ्या धाडसी माणसाने माझ्या प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र मला लंगडे वाटते. दुसऱ्या निबंधाच्या 119व्या परिच्छेदात तो म्हणतो की राज्यातल्या जमिनीचा उपभोग घेणारा, आठवडाभर मुक्कामाला राहणारा, इतकेच काय, राजरस्त्यावरून नुसता मोकळेपणाने जाणारा माणूसही मूक संमती देतच असतो. म्हणजे ‘क्रिटो’मधला सत्तर वर्षांचा रहिवास आता रस्त्यावरच्या पावलांइतका स्वस्त झाला.

याचा समाचार डेव्हिड ह्यूमने 1748 मधील ‘ऑफ द ओरिजिनल काँट्रॅक्ट’ या निबंधात घेतला आहे. हा निबंध पुष्कळ याद्यांत नसतो, ही मला खरोखर चीड आणणारी गोष्ट आहे. रोजच्या तुटपुंज्या मजुरीवर जगणारा, परकी भाषा आणि चालीरीती न जाणणारा गरीब शेतकरी किंवा कारागीर देश सोडायला मोकळा आहे, असे आपण गंभीरपणे म्हणू शकतो का, असे तो विचारतो. मग तर झोपेत उचलून जहाजावर आणलेल्या माणसानेही, तो जहाजावर थांबला एवढ्यावरून, कप्तानाची सत्ता राजीखुशीने मान्य केली असे म्हणावे लागेल. खाली उतरायचे तर समोर समुद्र आहे. रूसोने 1762 च्या ‘सोशल काँट्रॅक्ट’मध्ये रहिवास म्हणजे संमती असे म्हटले खरे, पण लगेच तळटीप जोडली की हे जिथे माणसे मोकळी आहेत अशा राज्यापुरतेच लागू आहे, कारण एरवी कुटुंब, मालमत्ता किंवा दुसरीकडे आसरा नसणे माणसाला अडकवून ठेवू शकते. अशा तळटिपा गाईडमध्ये येत नसतात.

आणि हे सारे करार पुरुषांचे आहेत. रूसोने ‘एमिल’ या शिक्षणावरील ग्रंथात नायकाची भावी पत्नी सोफी हिला पुरुषाच्या सोयीसाठी घडवायचे ठरवले, त्याला मेरी वुलस्टोनक्राफ्टने 1792 मध्ये ‘अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वूमन’मध्ये जे उत्तर दिले, ते ‘स्त्रीवादी विचार’ नावाच्या वेगळ्या घटकात ढकलणे मला पटत नाही. ते रूसोच्या पाठोपाठच वाचले पाहिजे.

मराठी वाचकाला सर्वांत जास्त अडखळायला लावणारे पान जॉन स्टुअर्ट मिलच्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये आहे. स्वातंत्र्याचे तत्त्व मांडून होते न होते तोच पहिल्याच प्रकरणात तो त्यातून ‘मागासलेल्या’ समाजांना वगळतो आणि सुधारणा हा हेतू असेल तर रानटी लोकांवर निरंकुश सत्ता चालवणे रास्त ठरवतो. हे पुस्तक 1859 चे आहे. 1823 पासून 1858 पर्यंत मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि हिंदुस्थानाशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे लिहिणे हे त्याचे काम होते. माझ्या पणजोबांच्या पणजोबांची संमती त्याला लागणार नव्हती, हे पहिल्या वाचनात लक्षात आले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. पुढे डॉ. आंबेडकरांचे संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 चे भाषण वाचताना तोच मिल पुन्हा भेटला: कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हा मिलचा इशारा आंबेडकरांनी तिथे नाव घेऊन दिला आहे. त्यानंतर मी ते पुस्तक पुन्हा उघडले आणि शेवटपर्यंत वाचले.

भाचीला मी या आठवड्यापुरते ‘क्रिटो’ आणि ह्यूमचा निबंध एवढेच सुचवले आहे. दोन्ही मिळून एका रविवारी होतात. लॉक त्यानंतर, आणि हॉब्ज दिवाळीच्या सुट्टीत, सावकाश. काल रात्री तिचा फोन आला. कायद्यांचे बोलणे सॉक्रेटिसच्या तोंडून ऐकून घेतल्यावर क्रिटो प्रतिवाद का करत नाही, आपल्याला काही बोलायचे नाही एवढेच का म्हणतो, असे ती विचारत होती.