थिबा राजवाड्यातली झणझण

रत्नागिरीत जानेवारी महिन्यात थिबा राजवाड्यासमोर संगीत महोत्सव भरतो. मी ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. कोकणात आजवर जिथे जिथे स्पीकर उभे केले, त्यातली ही जागा सगळ्यात कस पाहणारी. मागे राजवाडा, पुढे रंगमंच, त्यापुढे श्रोते, टेकडीखाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. दुपारचा वारा समुद्रावरून येतो, खारा आणि दमट. सूर्य बुडाला की तो पडतो आणि रात्री उलटा, जमिनीवरून समुद्राकडे वाहायला लागतो. त्यामुळे चारला जमवलेला आवाज आठला तसाच राहत नाही. त्यात दव पडतं. मिक्सरवर कापड टाकायला विसरलं की बटणं ओली होतात. गवई मंडळी तानपुरे पुन्हापुन्हा लावत बसतात आणि त्यांना घाई करायची नसते. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची उबदार राहते, आणि आवाज वर निघून न जाता खाली वळून लांबवर पोचतो. दिवसा मैदानाच्या कडेला विरणारा सूर रात्री खाडीकडे उतरतो. हे सगळं कामाचा भाग म्हणून सवयीचं झालेलं आहे. पण एका वर्षी राजवाड्यानंच तक्रार केली, ती गोष्ट सांगतो.

त्या संध्याकाळी ध्रुपद गायन होतं आणि त्याआधी स्वतंत्र पखवाजवादन. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. ती ताजी, नीट लावलेली असली की 'धा' पडल्यावर जमिनीतून काहीतरी वर येतंय असं वाटतं. हा खर्ज श्रोत्यांच्या पोटापर्यंत पोचवायचा तर सब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या मोठ्या पेट्या, लागतातच. आम्ही तीन सब रंगमंचासमोर एका ओळीत मांडले होते. साउंडचेकला पखवाजवादक बुवांनी हात मारला आणि 'धा'च्या शेपटीला एक बारीक झणझण ऐकू आली.

अशा वेळी आधी घरातलेच संशयित तपासायचे. केबल बदलली, माइक बदलला, मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर, बंद केले. सबचे पडदे हाताने चाचपून पाहिले, एक पेटी बाजूला काढून बघितली. झणझण तशीच. बुवा शांतपणे बसले होते, पण दर खेपेला कपाळावर आठी पडत होती. मग माझा मदतनीस, जो केबल गुंडाळत पायऱ्यांपाशी गेला होता, तिथूनच ओरडला, "दादा, आवाज आतून येतोय!"

मी पखवाज थांबवला आणि सबमधून नुसता एक सूर सोडला. 40 हर्ट्झपासून हळूहळू वर चढवत गेलो. 60 ला काही नाही. 70 च्या जवळ वरच्या मजल्यावर कुठेतरी काच थरथरायला लागली, आणि 80 पार केल्यावर गप्प झाली. पखवाजाचा खर्ज नेमका त्याच पट्ट्यात होता.

राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत संग्रहालय आहे. तिथल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना विनंती केली. ते किल्ल्या घेऊन आले आणि आम्ही दोघं वर गेलो. खाली मदतनिसाला सांगून ठेवलं होतं, मी फोन केला की सूर सोड. संगमरवरी फरशीच्या दालनात उभं राहून ऐकलं. कमानीसारख्या अर्धगोल खिडक्या, लाकडावर कोरीव काम, रंगीत काचा. पश्चिमेचं ऊन आत आलं होतं. एकेका चौकटीवर तळवा ठेवत पुढे गेलो. एका खिडकीशी हाताला गुदगुल्या झाल्या. तिथलं एक तावदान खाचेत सैल झालं होतं, कडेची पुट्टी वाळून गळाली होती. चौकटीवर किंचित दाब दिला की झणझण थांबे, सोडला की सुरू.

माझ्या खिशात फोमचा तुकडा होता. दोन मिनिटांचं काम. मी तो बाहेर काढला तसे काका म्हणाले, "नको हो. ह्याला आपण काही लावायचं नाही. मी वर कळवतो, दुरुस्ती करणारी माणसं येतील. तुम्ही आज फोम खोचाल, उद्या दुसरा कोणी खिळा मारील."

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आपल्याकडे अशा वास्तूंना कार्यक्रमाचं सुंदर नेपथ्य समजतात. दिवे टाकले, फोटो काढले, झालं. हा राजवाडा 1910 साली राहता झाला. इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेहून उचलून आणलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा आणि राणी सुपायालत पंचवीसेक वर्षं रत्नागिरीत इंग्रजांनी दिलेल्या बंगल्यांत राहिल्यावर इथे आले. बांधकामाच्या आराखड्यात राजानं स्वतः लक्ष घातलं होतं. इथून दुर्बिणीतून तो समुद्रावरची जहाजं न्याहाळायचा, असं इथे सांगतात. सहा वर्षांत, 1916 च्या डिसेंबरात, तो गेला. 1919 मध्ये कुटुंब मायदेशी परतलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली आणि इथेच राहिली. तिची मुलगी टुटू अस्खलित मराठी बोलायची, गरिबीत दिवस काढायची, आणि गावातल्या जुन्या माणसांना ती आपल्यातलीच एक वाटायची. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथल्या थिबाच्या समाधीवर आले होते. त्या देशातून येणारा माणूस ह्या खिडकीसमोर उभा राहतो तेव्हा ती त्याच्या राजाची खिडकी असते. एका संध्याकाळच्या पखवाजासाठी तिच्यात मी फोम खोचणार नव्हतो.

खाली येऊन बुवांना म्हटलं, खर्ज थोडा कापू का? ते म्हणाले, "कापा की. पण मग पखवाज कशाला आणलाय मी एवढ्या लांब?" तेही बरोबरच होतं.

आता खर्जाची अडचण अशी की तो कुणाचं ऐकत नाही. चढा स्वर स्पीकरचं तोंड जिकडे तिकडे जातो. 70 हर्ट्झची लाट जवळपास 5 मीटर लांब असते, ती पेटीला वळसा घालून मागे तेवढ्याच जोमाने जाते. आमचे सब श्रोत्यांकडे तोंड करून होते, पण निम्मा आवाज पाठीमागे राजवाड्यावर आदळत होता. यावर एक उपाय आहे. तीनपैकी मधल्या पेटीचं तोंड मागे फिरवायचं, तिची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे बाकीच्यांचा पडदा पुढे येतो तेव्हा हिचा मागे जातो, आणि तिला काही मिलिसेकंदांचा डिले द्यायचा, म्हणजे तिचा आवाज तेवढा उशिरा सोडायचा. मग मागच्या बाजूला तिन्ही पेट्यांच्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि पुढे मात्र भर कायम राहते. पुढचा जोर जरा कमी होतो, तो मी सोडायला तयार होतो. रंगमंचही पायऱ्यांपासून आणखी पुढे ओढायला लावला. मांडव घालणारी मंडळी कुरकुरली, पण चहा मागवल्यावर कामाला लागली.

डिले बसवायला वेळ गेला. काका वर खिडकीपाशी फोन कानाला लावून उभे, मी खाली मिक्सरवर. "वाजतंय. अजून वाजतंय. थोडं कमी झालं. थांबा… आता नाही." त्यांचा हा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. परत बुवांना बसवलं. त्यांनी 'धा' टाकला, डोळे मिटले, दुसरा टाकला आणि मान हलवली. कपाळावरची आठी गेली होती.

कार्यक्रम वेळेत सुरू झाला. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा कायदाच आहे, त्यामुळे उशीर परवडणारा नव्हता. बुवांनी चौताल वाजवला. परणांवर परणा, म्हणजे पखवाजाच्या बांधलेल्या रचना, चढत गेल्या आणि पुढच्या रांगेतले जाणकार मांडीवर बारा मात्रा मोजत होते. ड्युटी संपली होती तरी काका घरी गेले नाहीत. मधून मधून आत जाऊन खिडकीची खबर घेत, बाहेर येऊन मला अंगठा दाखवत. ध्रुपद सुरू झाल्यावर मात्र ते मागच्या खुर्चीत बसून राहिले.

ते तावदान पुढे रीतसर बसवलं गेलं. तरी पुढच्या महोत्सवालाही मी मधली पेटी मागे फिरवूनच लावली आणि साउंडचेकच्या यादीत वरच्या मजल्याची फेरी कायमची घातली. त्या एका तावदानाच्या शेजारी तितकीच जुनी बरीच आहेत.