चंद्राला ओवाळायचं तर सातच्या आत

"भाऊ परगावी आहे. चंद्राला ओवाळावं म्हणून गच्चीवर गेले, पण चंद्र काही दिसला नाही." भाऊबीज झाली की हे हमखास कानावर येतं. चंद्राला कधी आणि कसं ओवाळायचं, हे तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

चंद्र असतो, आपण उशिरा पोचतो. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. अमावास्या नुकतीच सरलेली, त्यामुळे चंद्र सूर्याच्या पाठोपाठ, साधारण पाऊण ते दीड तासात मावळतो. मुंबई-पुण्याकडे तेव्हा सूर्यास्त सहाच्या आसपास, नागपूरकडे जवळजवळ अर्धा तास आधी. जेवणं उरकून आठला वर गेलात तर आभाळ रिकामंच असणार. मुंबई-पुण्यात सव्वासहा-साडेसहाला जा. पश्चिमेला, किंचित नैऋत्येकडे बघा. हात लांब करून मूठ धरली की ती जेवढी दिसते, साधारण तेवढ्याच उंचीवर नखाएवढी कोर असते. समोर इमारत असेल तर जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवा.

तबकात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन आणि साखर किंवा पेढा. गच्चीवर खरा त्रास वाऱ्याचा. कोरडी फुलवात पेटवली तर कापूसच भुरकन जळून जातो. म्हणून ती आधीच पातळ तुपात भिजवा, टोकालाही तूप लावा, आणि कठड्याच्या आडोशाला उभ्या राहा. तूप थिजत असेल तर सरळ तेलवात घ्या, काही बिघडत नाही.

चंद्राकडे तोंड करून हळद-कुंकू आणि अक्षता त्याच्या दिशेने वाहा. आधी सुपारी-अंगठी ओवाळा, मग निरांजन, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तीनदा.

भाऊ समोर असेल तर त्याला रांगोळी काढलेल्या पाटावर, डोक्यावर टोपी घालून बसवा. अक्षता कपाळावरून घरंगळतात, कारण कुंकू कोरडं असतं. चिमूटभर कुंकवात पाण्याचे दोनच थेंब घाला, अनामिकेनं टिळा लावा आणि पाच-सहा अखंड दाणे अंगठ्यानं दाबून बसवा. पाणी जास्त झालं तर टिळा नाकावर ओघळतो. पुढचा क्रम तोच. ओवाळणी तबकात पडली की तोंड गोड करा आणि त्याला जेवूनच जाऊ द्या. यम यमुनेकडे जेवायला गेला तीच ही यमद्वितीया, म्हणून बहिणीच्या हातचं जेवण चुकवू नये.

आणि ढग आले तर? कोर जिथे असायला हवी, त्या दिशेला तोंड करून ओवाळा.