पाणकावळ्यांच्या वसाहतीतील एक दिवस

टोरोंटोच्या टॉमी थॉम्पसन पार्कमध्ये दुहेरी तुऱ्याच्या पाणकावळ्यांची घरटी मोजायला आम्ही जून २०१९ मध्ये गेलो होतो. विष्ठेने पांढरी पडलेली जमीन, त्याच विष्ठेमुळे वाळत चाललेली कॉटनवुडची झाडे आणि कुजक्या माशांचा उग्र दर्प, असे ते कामाचे ठिकाण. प्रत्येक शिकाऱ्याला १५ मार्च ते ३१ डिसेंबर या काळात दिवसाला ५० पाणकावळे मारू देण्याचा ऑन्टारिओ सरकारचा प्रस्ताव तेव्हा विचाराधीन होता, आणि मदतीला आलेले एक वयस्क गळकरी त्याचे कट्टर समर्थक होते. त्यांच्या तरुणपणी हे पक्षी दिसतही नसत, आता मात्र तळ्यातले सगळे मासे हेच फस्त करतात, अशी त्यांची तक्रार होती. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन हा स्थानिक पक्षी त्या काळी जवळजवळ नाहीसा झाला होता, हे मी सांगितले, पण ते त्यांना पटले नाही.

जमिनीवरच्या घरट्यांपाशी पोहोचताच एका घाबरलेल्या पिल्लाने नेमके त्यांच्याच बुटांवर मासे ओकले. त्यांनी वाकून एक मासा उचलला, पाठीवरच्या पुढच्या परावरचा काळा ठिपका निरखला आणि ते पुटपुटले, "ही तर राउंड गोबी!" जहाजांच्या पाण्याबरोबर आलेली आणि स्थानिक माशांची अंडी खाणारी ती परकी मासळी त्यांच्याही रागाचा विषय होती. एका ओकारीवरून सिद्धांत मांडू नये, हे मीच त्यांना बजावले.

"मग झाडांचे काय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. ईरी सरोवरातील मिडल आयलंडवर दुर्मीळ झाडे वाचवण्यासाठी २००८ पासून घरट्यांच्या हंगामात ठरावीक पक्षी मारले गेले. मन कचरले तरी त्यामागचे कारण मी समजू शकते. खुल्या शिकारीचे गणित मात्र जुळत नाही, कारण वसंतात गोळी घातली तर पिल्ले उपाशी मरतात, आणि शरदात घातली तर ती कुठूनही स्थलांतर करून आलेल्या पक्ष्याला लागते. टोरोंटोच्या या पार्कमध्ये आम्ही पक्ष्यांना जमिनीवर घरटी करण्यास प्रवृत्त करून उरलेली झाडे राखतो. हे काम संथ आहे, पण नेमके आहे.

२०२० मध्ये नियम ठरला, तो १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर आणि दिवसाला १५ पक्षी असा. त्या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर मी पुन्हा वसाहतीत गेले, तेव्हा घरटी रिकामी होती आणि झाडे तशीच पांढरी होती.