एकाच दिवशी 205 जीटीआय आणि रेनो 5 जीटी टर्बो

इकडे इंग्लंडमध्ये जुनी गाडी घ्यायच्या आधी ती तपासून द्यायचं काम करतो मी, आणि परवा एकाच गिऱ्हाईकासाठी प्युजो 205 जीटीआय 1.9 आणि रेनो 5 जीटी टर्बो, ऐंशीच्या दशकातल्या या छोट्या पण वेगवान फ्रेंच गाड्या, दोन्ही बघायला मिळाल्या, आमच्या लाइनमध्ये ही दिवाळीच. कलेक्शनसाठी एकच घ्यायची होती त्याला आणि मन 205 वर बसलेलं.

205 दिसायला होतीच तशी, लाल रंग नुकताच मारलेला, चकचकीत. पण मी आधी मागे जाऊन उकिडवा बसलो तर मागची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली! हिला मागे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि चाक धरणारे ट्रेलिंग आर्म असतात, आर्मचा शाफ्ट बारीक रोलरच्या बेअरिंगवर फिरतो, सील गेलं की पाणी आत, बेअरिंग गंजतं आणि मग शाफ्टच खातं. लिफ्टवर चाक वर-खाली धरून हलवलं तर टकटक हाताला लागली. म्हणजे अख्खा बीम, हे सगळं ज्यावर बसवलेलं असतं तो मागचा सांगाडा, उतरवायचं काम. आणि 205 ची खरी मजा त्या मागच्या भागातच आहे हो, वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर येतं, 130 हॉर्सपॉवर आणि वजन नऊशे किलोच्या आसपास, तिथे बीम ढिला चालत नाही.

रेनो मळकी, रंग उडालेला. बॉनेट उघडलं आणि खरं सांगतो, भरून आलं. 1397 सीसीचं पुशरॉडवालं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, लोखंडी इंजिन, घराणं 1962 चं, त्यावर गॅरेट कंपनीचा छोटा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि दाबलेली हवा जाते चक्क कार्ब्युरेटरमधून. 1397 चा फायदा असा, की तेव्हा रॅलीत टर्बोवाल्यांचे सीसी 1.4 ने गुणायचे, तरी ही 2000 च्या आतल्या गटात बसायची. याच मॉडेलवर फ्रेंच ड्रायव्हर अलाँ ओरेयने 1989 ची आयव्हरी कोस्ट रॅली मारली, तीही ग्रुप एन मध्ये, म्हणजे जवळपास शोरूममधल्यासारखीच गाडी घेऊन. पोरांनी बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवून वाढवून यांची वाट लावलीय, इथे मात्र पाइप, क्लिपा सगळं कंपनीचं. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागे टॉर्च मारला, बोट फिरवलं, पत्रा शाबूत.

त्याने विचारलं, तुम्ही कुठली घेतली असती? म्हटलं, चालवायला केव्हाही 205, पण ही 205 नाही. रेनोचा ॲडव्हान्स त्याने तिथेच देऊन टाकला.